आधी युद्ध की आधी क्रांती? स्पेन 1936-39

स्पेनचं यादवी युद्ध म्हटलं की बंडखोर लष्कराचा जनरल फ्रँको विरुद्ध रिपब्लिक (निवडून आलेलं सरकार) एवढंच बोललं जातं, पण रिपब्लिकवाल्यांच्या आतच केवढा मोठा वाद होता ते बघा. अनार्किस्ट (सरकारच नको म्हणणारे) आणि पोऊम या स्टालिनविरोधी मार्क्सवादी पक्षाचं म्हणणं, क्रांती आणि युद्ध वेगळं करताच येत नाही. जुलै 1936 मध्ये बार्सिलोनात लष्कराचा उठाव हाणून पाडण्यात कामगारच पुढे होते ना, मग कारखाने, ट्रॅम त्यांनीच ताब्यात घेतले, शेजारच्या आरागॉन प्रांतात गावंच्या गावं सामूहिक शेती करू लागली. जोश जबरदस्त, पण मिलिशियाकडे (कामगारांच्या स्वयंसेवी तुकड्यांकडे) शस्त्रं कमी, शिस्त सैल आणि बंडखोरांच्या ताब्यातलं आरागॉनचं मुख्य शहर सारागोसा काही हाती आलं नाही.

कम्युनिस्ट म्हणत होते, आधी युद्ध जिंका, एकच कमांड, रीतसर सैन्य. लष्करी दृष्टीने मला हेच पटतं, कारण समोर फ्रँकोच्या मदतीला जर्मन विमानं आणि इटालियन फौजा होत्या, आणि नोव्हेंबर 1936 मध्ये माद्रिद वाचलं त्यात सोव्हिएत रणगाडे-विमानांचा मोठा हात होता. पण किंमत भयंकर. मे 1937 मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर आपलेच आपल्यावर, म्हणजे कम्युनिस्ट व सरकारी पोलीस आणि अनार्किस्ट-पोऊमवाले एकमेकांवर, गोळ्या झाडत होते, नंतर पोऊमवर बंदी आली, त्यांचा नेता आंद्रेउ निन याला सोव्हिएत एजंटांनी पळवून मारलं. ज्यांच्या जिवावर उठाव रोखला त्यांनाच गद्दार म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही!

आणि शिस्तबद्ध सैन्य उभं करूनही 1938 मध्ये एब्रोच्या लढाईत त्याचं कंबरडं मोडलंच, त्याचं एक मोठं कारण म्हणजे ब्रिटन-फ्रान्सने हस्तक्षेप नको म्हणत शस्त्रं अडवली होती.