अ‍ॅव्हिऑनिक्सच्या वर्कबेंचवर कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस

विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांची दुरुस्ती करताना एककांचे रूपांतर सतत करावे लागते. या कामासाठी कॅसिओचा एफएक्स-९९१ ईएस प्लस हा सायंटिफिक कॅल्क्युलेटर सुचवणारे बहुधा त्यातील ४० तयार रूपांतरांचे कौतुक करतात. माझ्या मते मात्र त्याचे खरे मोल 'ईएनजी' या एका बटणात आहे.

कॅपॅसिटरवर ४७३ छापलेले असते, आकृतीत ०.०४७ मायक्रोफॅरड लिहिलेले असते आणि सुट्या भागांच्या यादीत ४७ नॅनोफॅरड असते. ०.०४७ × १०⁻⁶ भरून 'ईएनजी' दाबले की ४७ × १०⁻⁹ दिसते आणि पुन्हा दाबले की ४७००० × १०⁻¹², म्हणजेच ४७३ या खुणेचा अर्थ, समोर येतो. घातांक तीनच्या पटीत सरकत असल्यामुळे दशांश चिन्ह चुकण्याला फारसा वाव उरत नाही.

तयार रूपांतरांत पाऱ्याचा इंच हे हवेच्या दाबाचे एकक नाही, आणि अल्टिमीटर, म्हणजे दाबावरून उंची दाखवणारे उपकरण, तपासणाऱ्याला तो पदोपदी लागतो. तरीही वाट निघते: २९.९२ या प्रमाण दाबाला २५.४ ने गुणून मिलिमीटर करावेत आणि 'शिफ्ट', ८, २७ (पाऱ्याच्या मिलिमीटरचे पास्कल करणारा क्रमांक) दाबावे. सुमारे १०१३२१ पास्कल, म्हणजे १०१३.२ हेक्टोपास्कल मिळतात. फॅरनहाइटचे सेल्सिअस करणाऱ्या ३७ क्रमांकाबाबत मात्र सावध राहावे, कारण तो ३२ वजा करतो. मॅन्युअलमधील ±५ अंश फॅरनहाइटची मुभा (चालणारा कमीजास्त फरक) त्यात भरली, तर उत्तर उणे १५ सेल्सिअस येते. खरी मुभा ±२.८ अंशांची असते, आणि ती केवळ १.८ ने भागून काढायची असते.

चुकीच्या गुणकाने काय घडते, हे १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ने दाखवले. इंधनमापक यंत्रणा एका सदोष सोल्डर जोडामुळे बंद होती, आणि हाताने केलेल्या हिशेबात लिटरमागे ०.८ किलोग्रॅमऐवजी १.७७ हा पौंडांचा गुणक वापरला गेला. विमानाचे इंधन हवेतच संपले.

डीबीएमसाठी, म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेल्या शक्तीसाठी, वेगळे बटण नाही, पण लॉग असल्याने अडत नाही: ट्रान्सपाँडरचे (रडारला उत्तर देणाऱ्या विमानातील उपकरणाचे) ५०० वॉट म्हणजे ५ लाख मिलिवॉट, त्याच्या लॉगची दहापट ५७ डीबीएम. रिसीव्हरची उणे १०१ डीबीएम संवेदनक्षमता ५० ओहमवर साधारण २ मायक्रोव्होल्ट होते. येथे सिग्नल जनरेटरवरचा आकडा जोडलेल्या भारावरील व्होल्टेजचा आहे की मोकळ्या टोकावरील, हे आधी पाहून घ्यावे. त्यात ६ डेसिबलचा फरक पडतो, आणि तो कॅल्क्युलेटरला कळण्याचा मार्ग नाही.