गोंदेश्वर की कोपेश्वर?

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ बघू की कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरचं कोपेश्वराचं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: जाणार कुठल्या महिन्यात, आणि बरोबर कोण?

शिखरासाठी जाणार असाल तर सिन्नर, वादच नाही. भूमिज शिखर म्हणजे काय ते तिथे लांबूनच कळतं. वरून खाली उतरणारे चार कोरीव पट्टे आणि मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या चढत्या रांगा. पंचायतनही शाबूत आहे: मधे महादेव, चार कोपऱ्यांत गणपती, पार्वती, सूर्य, विष्णू. समोर नंदीमंडप. खिद्रापूरचं शिखर यापुढे फिकंच.

माझं घोडं अडलं ते तळपायांशी. आम्ही सिन्नरला पोचलो एप्रिलात, दुपारी बारानंतर. चपला खाली काढून जोत्यावर चढलो आणि पाचव्या पावलाला उड्या मारायला लागलो. काळा बेसाल्ट, वर सावलीचं नाव नाही. आई म्हणाली, "अरे, देव बघायला आलोय की निखाऱ्यावरून चालायला?" बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं मी अक्षरशः पळत पाहिली. सभामंडपात गारवा होता, पण कोरीवकाम बरंचसं बाहेरच. चूक वेळेची, देवळाची नव्हे, हे मान्य. तरी मनात राहिलं ते भाजणंच.

खिद्रापूरलाही दगड तोच आणि ऊनही तेच. पण तिथे स्वर्गमंडप आहे. छताला मधोमध गोल मोकळीक, खाली तेवढीच गोल शिळा, भोवती बारा खांब. ऊन पडतं ते त्या वर्तुळात, आपण खांबांच्या सावलीत. आई एका खांबाला टेकून बसली ती तासभर उठलीच नाही. तिथूनच मान वर करून आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल, म्हणजे दिशांचे राखणदार देव, एकेक करून ओळखत होती. मी तोवर खांब न्याहाळले. एकाच खांबात चौकोन, अष्टकोन, वर्तुळ, आणि कडा अशा की लेथवर फिरवल्यासारख्या. दक्षिण दाराशी यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख आहे, तोही उभं राहून निवांत बघता आला.

उणं आहेच. पायथ्याच्या गजपीठावर नव्वदहून जास्त हत्ती, पण बहुतेकांच्या सोंडा फोडलेल्या. नंदी नाहीच; तो सतीला घेऊन पलीकडे यडूरला गेला, अशी कथा सांगतात. आणि पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की गावात पोचणंच अवघड.

थंडीत सकाळी सातला सिन्नर गाठलंत तर कदाचित तुमचं मत माझ्या उलट होईल. मी स्वतः मात्र पुन्हा खिद्रापूरलाच गेलो, दोनदा. सिन्नरला उन्हाळ्यातच जाणं असेल तर जाड पायमोजे न्या. आमच्या शेजारच्या एका काकांनी घातले होते, कुणी हटकलं नाही, आणि सगळी शिल्पं त्यांनीच नीट पाहिली.