टाइमलायनर वर्षभर वापरलं: व्हिडिओ ठीकठाक, खरी मजा जोडाजोडीत

एका 8 मजली बिल्डिंगच्या प्लॅनिंगसाठी गेलं वर्षभर ऑटोडेस्कच्या नेव्हिसवर्क्स या सॉफ्टवेअरमधलं टाइमलायनर हे फोर-डीचं टूल वापरतोय. म्हटलं लिहून टाकू, कारण याबद्दल जे वाचायला मिळतं ते एकतर विकणाऱ्यांनी लिहिलेलं असतं, नाहीतर ज्यांनी नुसता डेमो बघितलाय त्यांनी.

फोर-डी म्हणजे काय हे माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. थ्रीडी मॉडेलमधला कॉलम, बीम, स्लॅब शेड्यूलमधल्या ॲक्टिव्हिटीला जोडायचा, मग तारीख पुढे सरकवली की बिल्डिंग त्या क्रमाने उभी राहताना दिसते. बांधकाम सुरू असलेलं हिरवं, पाडकाम लाल, तात्पुरतं काही असेल तर पिवळं, रंग हवे तसे बदलता येतात. शेड्यूल प्रिमाव्हेरा नाहीतर एमएस प्रोजेक्टमधून घेता येतं, सीएसव्हीही चालते. फक्त फ्रीडम नावाचं फुकटचं व्हर्जन आहे ना, त्यात हे काम होत नाही, मॅनेज किंवा सिम्युलेट लागतं.

पहिला दणका जोडायला बसल्यावर बसला. आमच्या शेड्यूलमध्ये एका मजल्याचा स्लॅब 3 टप्प्यांत ओतायचा होता आणि मॉडेलमध्ये अख्खा स्लॅब एकच तुकडा, आता 3 तारखा एका तुकड्याला कशा लावणार? कॉलम तर त्याहून भारी. डिझाइनवाल्यांनी तळापासून गच्चीपर्यंत एकच ओढलेले, म्हणजे तळमजल्याची तारीख आली की आठही मजल्यांचे कॉलम हवेत उभे! त्यांचीही चूक नाही म्हणा, त्यांना ड्रॉइंग काढायचं असतं, काँक्रीट ओतायचं नसतं. नेव्हिसवर्क्समध्ये मॉडेल कापता येत नाही, त्यामुळे परत मूळ फाइलमध्ये जाऊन मजल्याप्रमाणे तोडत बसलो. बेंटलेचं सिंक्रो हे असंच दुसरं फोर-डी सॉफ्टवेअर, त्यात तुकडे करायची सोय आहे आणि शेड्यूलचं गणितही आतच होतं. टाइमलायनर क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की अख्खं प्रोजेक्ट लांबतं ती साखळी) वगैरे काढत नाही, बाहेरून आलेल्या तारखा दाखवतं, बस.

हाताने एकेक वस्तू निवडून जोडू नका, वेड लागेल. मजला आणि प्रकार यावरून सर्च सेट, म्हणजे सेव्ह केलेला शोध, बनवा, मॉडेल नवीन आलं तरी तो परत शोधून घेतो. साधा सिलेक्शन सेट, म्हणजे हाताने निवडलेल्या वस्तूंची यादी, तसं करत नाही, हे आम्हाला दुसऱ्या महिन्यात कळलं.

पण या कटकटीतच पैसे वसूल झाले. जोडून झाल्यावर जे उरतं ना ते बघा: ॲक्टिव्हिटी आहे पण मॉडेलमध्ये वस्तू नाही, किंवा वस्तू आहे पण तिला कोणी तारीखच दिलेली नाही. आमच्याकडे पाण्याच्या टाकीच्या भिंती अशा निघाल्या. मॉडेलमध्ये व्यवस्थित काढलेल्या, शेड्यूलमध्ये पत्ताच नाही, आणि ते शेड्यूल 4 जणांनी तपासून पास केलं होतं (त्यात मीही होतो).

दुसरी गोष्ट टेकूंची. स्लॅब ओतल्यावर खालच्या मजल्यावर टेकू बरेच दिवस उभे असतात, हे साइटवर सगळ्यांना माहीत असतं, पण मॉडेलमध्ये टेकू कोण काढतो? कोणीच नाही. म्हणून व्हिडिओत तो मजला छान मोकळा आणि तिथे वीटकाम सुरू. मीटिंगला फोरमनला बसवलं होतं, बार चार्टच्या (तारखांच्या आडव्या पट्ट्यांच्या शेड्यूलच्या) मीटिंगमध्ये गप्प बसणारा माणूस, त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "अहो साहेब, त्या टेकूंच्या जंगलात विटा कुठे रचणार?" मग आम्ही ओबडधोबड ठोकळे काढून टेकू म्हणून टाकले, टेम्पररी प्रकार लावला, आणि पिवळ्या ठोकळ्यांमधून भिंती उगवताना दिसायला लागल्या. परांची आणि टॉवर क्रेनचंही तेच, तुम्ही काढली तरच दिसणार. बार चार्टमध्ये या दोन ॲक्टिव्हिटी वेगवेगळ्या पानांवर होत्या आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर होत्या.

नेव्हिसवर्क्समधल्या क्लॅश डिटेक्टिव्हला (एकमेकांत घुसणाऱ्या वस्तू शोधणारं टूल) टाइमलायनर जोडून वेळेनुसार अडथळे शोधता येतात, क्रेनसाठी चांगलं आहे, पण आम्ही ते जेमतेम दोनदा चालवलं.

डोकेदुखी अपडेटची. मध्येच आमच्या प्लॅनरने शेड्यूल साफसूफ करताना ॲक्टिव्हिटीचे आयडी बदलले आणि निम्म्याहून जास्त जोडण्या गेल्या, दोन रात्री त्यात गेल्या. तेव्हापासून नियम केलाय, नाव वाटेल ते बदला, आयडीला हात लावायचा नाही.

पाचपैकी साडेतीन देईन. तुमच्याकडे मॉडेल मजल्याप्रमाणे तोडलेलं नसेल आणि तोडायला माणूसही नसेल तर सध्या घेऊ नका. आणि साहेबांना दाखवायला नुसती फिल्मच हवी असेल तर ती ॲनिमेशनवाल्याकडून करून घ्या, जास्त देखणी होईल, त्यात टेकूही मध्ये येणार नाहीत.