निकालांचा गोषवारा पाठवणारी सेवा: वर्षभराच्या वापरानंतरचे मत

सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे महत्त्वाचे निकाल भाष्यासह रोज पाठवणाऱ्या एका सशुल्क सेवेची वर्गणी मी गेले वर्षभर भरत आहे. वकिली सांभाळून प्रत्येक निकालपत्र मुळातून वाचणे शक्य होत नाही, त्यामुळे अशा गोषवाऱ्यावर भिस्त ठेवावीच लागते. म्हणूनच त्यातली चूक मला किरकोळ वाटत नाही.

वेगाबद्दल तक्रार नाही. निकाल बहुधा त्याच संध्याकाळी हाती येतो आणि कलमवार शोधही चांगला चालतो.

अडचण मथळ्यांची आणि भाष्याची आहे. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या) इमारतीचे मालक असलेले माझे एक पक्षकार या सेवेच्या संग्रहातले पान वाचून विचारू लागले, "वकीलसाहेब, म्हणजे आता आपली केस संपली का?" पानावर मथळा होता, खासगी मालमत्ता ताब्यात घेण्याचा सरकारला अधिकार नाही. विषय होता प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातील ५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा. नऊ न्यायाधीशांच्या त्या घटनापीठातील सात जणांच्या बहुमताने सांगितले ते इतकेच, की साधनसंपत्तीचे वाटप समाजहितासाठी व्हावे असे सांगणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ख) मधील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता येत नाही. मात्र साधनसंपत्तीचे स्वरूप, तिची टंचाई, समाजहितावर होणारा परिणाम आणि ती मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम पाहून काही खासगी मालमत्ता त्यात येऊ शकते. मथळ्यात या निकालाचा अर्धाच भाग उतरला होता आणि नेमका उरलेला अर्धा भाग माझ्या पक्षकारांच्या अडचणीचा होता. त्यांना हे समजावून सांगताना त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणावरील १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाचेही असेच झाले. सहा विरुद्ध एक अशा बहुमताने उपवर्गीकरण वैध ठरले आणि त्याला मनाई करणारा २००४ चा चिन्नय्या निकाल रद्दबातल झाला. क्रीमी लेअरबद्दल (आरक्षित गटातील पुढारलेल्या स्तराला वगळण्याबद्दल) मात्र काही न्यायाधीशांनी आपापल्या मतांत विचार मांडले होते. घटनापीठाकडे आलेला प्रश्न तो नव्हता. गोषवाऱ्यात ते विचार न्यायालयाचा आदेश म्हणून छापले गेले. कोणते मत किती न्यायाधीशांचे आणि ते बंधनकारक आहे की केवळ ओघात आलेले, हे न सांगणारे भाष्य युक्तिवादाच्या वेळी हमखास तोंडघशी पाडते.

सेवेत परिच्छेद क्रमांकही क्वचितच दिलेले असतात, त्यामुळे अखेरीस मला ई-एससीआर हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा ऑनलाइन संग्रह उघडावाच लागतो. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३४ हजार निकालांसह सुरू केलेली ही सुविधा विनामूल्य आहे. अनेक निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध असून पक्षकाराला घरी वाचायला देण्यासाठी ते फार मोलाचे आहेत, मात्र न्यायालयात इंग्रजी पाठच प्रमाण मानला जातो.

वर्गणी मी या वेळी तीन महिन्यांपुरतीच वाढवली आहे. न्यायाधीशांची संख्या, भिन्नमत आणि परिच्छेद क्रमांक प्रत्येक गोषवाऱ्यात द्यावेत, अशी लेखी विनंती मी संपादकांना केली आहे. तोवर ही सेवा निकाल लागल्याची वर्दी मिळवण्यासाठी घ्यावी; दाखला देण्याआधी मूळ निकालपत्र उघडणेच भाग आहे.