स्वस्तातलं साउंड कार्ड घेताय? 'स्टिरिओ' कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा

खोक्यावर 'स्टिरिओ' छापलेलं असतं, ते खोटं नसतं. फक्त ते बाहेर जाणाऱ्या आवाजाबद्दल असतं. आत येणारा आवाज, म्हणजे आपण रेकॉर्ड करणार तो, स्वस्त कार्डात बहुतेक वेळा मोनोच असतो, म्हणजे डावं-उजवं वेगळं न राहता एकच. बाबांच्या कॅसेटी संगणकावर उतरवायला बसलो, तेव्हा हे मला जरा उशिराच कळलं.

कॅसेटी साठेक. नाट्यसंगीत, भजनं, दोन-तीन लग्नांतले सनईचौघडे. लॅपटॉपला हेडफोनचं एकच भोक. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो आणि १८० रुपयांत बोटाएवढं यूएसबी कार्ड घेऊन आलो. त्यावर '३डी साउंड' आणि '७.१ चॅनल' असं ठसठशीत लिहिलेलं, आणि भोकं दोनच, एक हेडफोनचं आणि एक माइकचं. ७.१ म्हणजे आठ चॅनल, ते एका भोकातून कसे बाहेर पडणार, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "सर, सगळे हेच नेतात."

घरी येऊन कॅसेट डेकची वायर माइकच्या भोकात घातली आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर दोन लाटा उमटल्या, पण अगदी जुळ्या. डाव्या बाजूचा तबला आणि उजव्या बाजूचं ऑर्गन एकाच जागी येऊन बसलेले. तान वर गेली की लाटांचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे सपाट. आणि गायक श्वास घ्यायला थांबला की टेपची खरखर हळूहळू फुगत यायची, पुढचा सूर लागला की दबायची. हा फुगवटा कार्डातल्या 'ऑटो गेन कंट्रोल'चा. बोलणाऱ्याचा आवाज सारखा राहावा म्हणून ती सोय असते, गाण्याची मात्र ती वाट लावते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली. खरखर फुगायची थांबली, पण मोनो ते मोनोच राहिलं.

शेंडे कापले जायचं कारणही साधं आहे. माइकचं भोक काही मिलिव्होल्टांची वाट बघत असतं. डेकच्या 'लाइन आउट'मधून साधारण एक तृतीयांश व्होल्ट येतो. म्हणजे जवळजवळ शंभर पट. चहाच्या गाळणीवर बंबाचा पाइप धरावा तसं ते होतं. तेव्हा कार्डावर 'लाइन इन' (डेकसारख्या यंत्राचा जोरदार आवाज घेणारं भोक) लिहिलंय की 'माइक', हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायचा.

आता पर्याय. पहिला फुकटचा, आणि तोच लोक विसरतात. घरात डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. हिरवं, गुलाबी आणि निळं अशी तीन भोकं असतील तर ते निळं म्हणजे लाइन इन, आणि ते स्टिरिओ असतं. शंभर-दीडशेची वायर आणली की काम भागलं. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्हने पहिलं साउंड ब्लास्टर काढलं, तेव्हा नीट आवाजासाठी वेगळं कार्ड लागायचंच. पुढे १९९७ मध्ये इंटेलचं एसी'९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानकं आली आणि ही सोय मदरबोर्डवरच येऊन बसली. माउस हलवला की हेडफोनात किर्र ऐकू येत असेल, तर मात्र बाहेरचं कार्ड घ्यायला सबळ कारण आहे. लॅपटॉपवर सतत घूं येत असेल तर आधी चार्जर काढून बघा. घूं गेली, तर दोष कार्डाचा नाही, अर्थिंगच्या फेऱ्याचा (दोन जागी अर्थिंग लागून वायरींत फिरणाऱ्या विजेचा) आहे, आणि नवं कार्ड आणूनही ती बहुधा परत येईल.

फक्त ऐकायचं असेल तर तुलना सोपी आहे. १८० रुपयांचं कार्ड बोलण्याला, ऑनलाइन क्लासला, बातम्यांना पुरतं. संवेदनशील इअरफोन लावून गाणं ऐकलंत तर दोन सुरांमधल्या शांततेत बारीक सूं ऐकू येते. त्याच्या वरची पायरी म्हणजे ॲपलचा टाइप-सी ते हेडफोन असा छोटा जोड. ती नुसती वायर नाही, आत पूर्ण साउंड कार्ड आहे, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झपर्यंत चालणारं. (बिट म्हणजे आवाज किती बारकाईने मोजला, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार वेळा मोजला.) विंडोज आणि लिनक्सवरही ड्रायव्हर न टाकता चालतं. हजाराच्या आतबाहेर मिळतं, आणि ऐकण्यापुरतं विचाराल तर या किमतीत मी दुसरं काही सुचवणार नाही. एकच सावधगिरी. युरोपात विकली जाणारी आवृत्ती वेगळी आहे, तिचा व्होल्टेज निम्मा, एकच्या ऐवजी अर्धा व्होल्ट. जर्मनीतली भाची येताना आणणार असेल तर तिला चॉकलेटं सांगा, हे इथेच घ्या.

लॅपटॉप जुना असेल, त्याला टाइप-सी नसेल, किंवा माइकला वेगळं भोक हवं असेल तर क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर प्ले ३. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ, नेहमीची यूएसबी पिन. आकडा मोठा आहे, पण माझ्या कानांना ४८ आणि ९६ मधला फरक कळत नाही. पन्नाशीनंतर तर बारा-चौदा हजार हर्ट्‌झच्या वरचं मुळात कितीसं ऐकू येतं! यातलं कुठलंही कार्ड कॅसेट उतरवायला मात्र घेऊ नका. ती ऐकण्या-बोलण्यासाठीच बनवलेली आहेत.

रेकॉर्डिंगकडे वळलो की खरी निवड सुरू होते. मी शेवटी बेहरिंगरचं यूसीए २०२ घेतलं. लाल रंगातलं यूसीए २२२ हे त्याचंच भावंड. तळहातात मावणारी डबी, लाल-पांढऱ्या आरसीए पिना आत जायला दोन आणि बाहेर यायला दोन, हेडफोनचं भोक, त्याला आवाजाची चकती, आणि येणारा आवाज थेट ऐकायला एक बटण. क्षमता १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. एवढंच? असं कुणीही विचारेल. पण १६ बिटांत ९६ डेसिबलची मोकळीक मिळते आणि कॅसेटची स्वतःची खरखर त्याच्या कितीतरी वर असते. २४ बिट घेऊन आपण ती खरखर जास्त काटेकोरपणे साठवणार, इतकंच. वर फाइल फुगते ती वेगळी. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ स्टिरिओला मिनिटाला साडेदहा एमबी, म्हणजे नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटला साडेनऊशे एमबी लागतात.

यूसीएची उणीव म्हणजे आत येणारा आवाज कमीजास्त करायला बटण नाही. डेककडून येईल ते निमूट घ्यायचं. चांगल्या डेकला अडत नाही. वॉकमनच्या हेडफोनमधून काढत असाल तर वॉकमनचीच चकती फिरवत बसावं लागतं. यूएसबीची वायरही अंगालाच जोडलेली असते, वेगळी निघत नाही. त्यामुळे तिला मूळाशी पीळ पडू देऊ नका. आणि तबकड्या उतरवायच्या असतील तर हे घेऊच नका. तबकडीच्या सुईतून येणारा आवाज फार क्षीण असतो आणि तो वाढवून त्यातल्या खर्ज-टिपेचा तोल सावरावा लागतो. त्यासाठी त्याच कंपनीचं यूएफओ २०२ आहे, फोनो (म्हणजे तबकडी) आणि लाइन असा खटका असलेलं. घरात दोन्ही असेल, ट्रंकेत कॅसेटी आणि माळ्यावर तबकड्या, तर सरळ यूएफओ घ्या.

डेस्कटॉपवाल्यांना आणखी एक वाट, साउंड ब्लास्टर ऑडिजी एफएक्स. मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस नावाच्या खाचेत बसतं, लाइन इन आणि माइक वेगवेगळे, हेडफोनही जोमाने वाजतात. सिनेमा आणि गेमसाठी ५.१ स्पीकर लावायचे असतील तर हेच. निव्वळ कॅसेटींसाठी कॅबिनेट उघडायचा खटाटोप मला पटत नाही, ते निळं भोक आहेच की. जुन्या बाजारात साउंड ब्लास्टर लाइव्ह अजून दिसतं. बघून जीव हळहळतो, पण ते जुन्या पीसीआय खाचेचं आहे आणि आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर ती खाचच नसते.

पॉडकास्टवाले बेहरिंगरच्या यूएम २ चं नाव काढतील. गाणाऱ्या-बोलणाऱ्या एका माणसाला ते उत्तम. पण त्याचे दोन इनपुट म्हणजे एक माइक आणि एक गिटार. डावा-उजवा अशी ती जोडी नाही.

एक मात्र मोकळेपणाने सांगतो. तुमच्याकडच्या कॅसेटी कीर्तनासमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या असतील, किंवा रेडिओच्या मीडियम वेव्हवरून टेप केलेल्या असतील, तर त्या मुळातच मोनो आहेत. तिथे स्टिरिओसाठी जीव टाकण्यात अर्थ नाही. लाइन इन मात्र तिथेही हवंच.

कार्ड घरी आलं की विंडोजमध्ये रेकॉर्डिंगच्या साधनाचे गुणधर्म उघडा. प्रगत पानावर '२ चॅनल' दिसलं पाहिजे. '१ चॅनल' एवढंच असेल तर विषय संपला. तिथे २ दिसलं तरी लगेच विश्वास ठेवू नका. कॅसेट लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि डेकच्या पाठीमागची लाल पिन उपटा. उजवी लाट तत्क्षणी आडवी झाली पाहिजे. दोन्ही नाचत राहिल्या, तर खोकं पुन्हा भरा आणि परत करायची मुदत बघा.