टीसीजवळ हॉल मोजायचाय: फील्ड उलटं करायचं की लीड्स बदलायच्या?

एमएस्सी प्रोजेक्टचे दिवस आले की हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. तुमच्याकडे वायबीसीओची (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या सुपरकंडक्टरची) फिल्म आहे, नायट्रोजनवरचा क्रायोस्टॅट आहे, १ टेस्लापर्यंत जाणारा इलेक्ट्रोमॅग्नेट आहे, आणि टीसीच्या, म्हणजे फिल्म सुपरकंडक्टर होते त्या ९२ केल्विनच्या, खाली हॉल व्होल्टेजचं (फील्डमुळे करंटला आडवं तयार होणाऱ्या व्होल्टेजचं) चिन्ह पलटताना बघायचंय. मग फील्ड प्लस-मायनस करून वजाबाकी करायची, की फील्ड आहे तसंच ठेवून करंटच्या आणि व्होल्टेजच्या जोड्यांची अदलाबदल करायची? पुण्यातल्याच एका लॅबमध्ये दोन पावसाळे मी दोन्ही करून बघितलंय.

हे चिन्ह पलटणं का महत्त्वाचं ते थोडक्यात. नॉर्मल अवस्थेत, म्हणजे टीसीच्या वर, हॉल पॉझिटिव्ह, टीसीच्या जरा खाली उतरलं की निगेटिव्ह खड्डा पडतो, आणि बिस्मथच्या २२१२ मध्ये (याच घराण्यातला दुसरा सुपरकंडक्टर) तर पुढे परत पॉझिटिव्ह होतो. व्होर्टेक्सच्या (सुपरकंडक्टरमध्ये शिरलेल्या फील्डच्या भोवऱ्यांच्या) हालचालीची बार्डीन-स्टीफन (१९६५) आणि नोझिएर-विनेन (१९६६) ही दोन्ही मॉडेल्स सांगतात की चिन्ह नॉर्मल अवस्थेचंच राहायला हवं. त्यामुळे तो खड्डा खरा की खोटा हे आपल्याला छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे.

फील्ड उलटं करण्याची पद्धत सगळ्यांच्या हातातली आहे, गाईडलाही लगेच पटते. १०० केल्विनच्या वर तिला मी काहीच नावं ठेवणार नाही, तिथे हॉल अँगलचा टी-स्क्वेअर प्लॉट (हॉल अँगलचा कोटँजंट तापमानाच्या वर्गासमोर) काढायचा असेल तर खुशाल हीच वापरा. मॅग्नेटच्या पोल पीसमध्ये (लोखंडी टोकांत) चुंबकत्व थोडं उरतं म्हणून गॉसमीटर बघून प्लस आणि मायनस सारखं आणावं लागतं, पण ते जमतं.

मला जे छळलं ते वेगळंच. फिल्म २०० नॅनोमीटरची धरा, नॉर्मल अवस्थेत चौकोनामागे (फिल्मच्या कुठल्याही चौरस तुकड्याचा रेझिस्टन्स) साधारण ५ ओहम. व्होल्टेजचे कॉन्टॅक्ट एक टक्क्याने जरी पुढेमागे झाले तरी ५० मिलिओहमचा ऑफसेट त्यात मिसळतो, आणि खरा हॉल १ टेस्लाला सगळा मिळून ५ मिलिओहम, त्यातही टीसीखालचा खड्डा माझ्या फिल्ममध्ये जेमतेम अर्धा मिलिओहम. आता हा ऑफसेट ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे रेझिस्टन्स शून्याकडे जाताना, कड्यावरून पडावा तसा पडतो, माझ्याकडे केल्विनमागे २५ मिलिओहम. फील्ड शून्यातून पलीकडे नेऊन स्थिर व्हायला तीन-चार मिनिटं जायची, तेवढ्यात तापमान ४० मिलिकेल्विन सरकलं की ऑफसेट १ मिलिओहमने बदलतो, आणि वजाबाकी करून निम्मं केल्यावर बरोबर अर्धा मिलिओहम खोटा हॉल उरतो, म्हणजे जेवढा खड्डा शोधतोय तेवढाच! थंड करताना घेतलेल्या रनमध्ये माझा खड्डा जवळपास गायब, आणि त्याच संध्याकाळी गरम करताना घेतला तर दुप्पट. दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून मी बराच वेळ नुसता बसलो होतो. तापमानाच्या कंट्रोलरचं पीआयडी (तापमान स्थिर ठेवणारं सेटिंग) पंधरा दिवस ट्यून केलं, फरक कमी झाला पण गेला नाही.

लीड्सच्या पद्धतीत फील्डला हातच लावायचा नाही. फिल्मच्या चार कॉन्टॅक्टपैकी १-२ मधून करंट आणि ३-४ वर व्होल्टेज, मग ३-४ मधून करंट आणि १-२ वर व्होल्टेज. रेसिप्रॉसिटीमुळे दुसरं रीडिंग म्हणजे उलट्या फील्डमधलं पहिलंच रीडिंग असतं, फिल्मचा आकार कसाही असो. बुधवार पेठेतून चार पोल, दोन वेचा एक रोटरी स्विच आणला, तारा सोल्डर केल्या, आणि अदलाबदल दोन-तीन सेकंदांत व्हायला लागली, तेवढ्यात तापमान सरकून सरकणार किती. थर्मल ईएमएफ (तापमानाच्या फरकाने तारांत येणारं फालतू व्होल्टेज) घालवण्यासाठी प्रत्येक वेळी करंटही उलटा करून घ्यायचा, ते दोन्ही पद्धतींत आलंच. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शून्य फील्डमध्ये हाच रन घेतला तर वजाबाकी पूर्ण ट्रान्झिशनभर शून्य यायला हवी, म्हणजे सेटअप खरं बोलतोय की नाही ते आधीच कळतं.

अडचणी हिच्यातही आहेत. करंट चारही कॉन्टॅक्टमधून जातो त्यामुळे एकही कॉन्टॅक्ट कच्चा चालत नाही, आणि वायबीसीओला दमट हवा सोसत नाही, जुलैत फिल्म डेसिकेटरबाहेर राहिली की सिल्व्हर पेस्टचे कॉन्टॅक्ट आठवड्यात बिघडायचे. दुसरं जास्त महत्त्वाचं, रेसिप्रॉसिटी चालते ती व्होल्टेज करंटच्या प्रमाणात असेल तोवरच. आणखी खाली, व्होर्टेक्स पिन व्हायला (जागच्या जागी अडकायला) लागले की ते प्रमाण सुटतं, तिथे फील्ड उलटंच करावं लागेल, आणि तुमचा सगळा रस त्याच भागात असेल तर कदाचित माझं ऐकू नका. पण खड्डा टीसीला लागूनच असतो, तिथे करंट अर्धा करून रेझिस्टन्स तोच येतो का एवढं बघितलं की माझं तरी काम झालं.

स्विच लावल्यावर थंड करतानाचा आणि गरम करतानाचा ग्राफ पहिल्यांदाच एकमेकांवर बसले, खड्डा दोन्हीकडे तेवढाच खोल. फक्त ३ आणि ४ चा क्रम चुकवू नका, चुकला तर वजाबाकीऐवजी बेरीज होऊन नुसता ऑफसेट हातात येतो. मी तारांना चार रंगांच्या स्लीव्ह घातल्या होत्या.