अकाली पांढरे केस: माका, आवळा, मेंदी आणि इंडिगो, काही महिन्यांच्या वापरानंतर

पंचविशीच्या आतच कानशिलावर आणि भांगात पांढरे केस दिसायला लागले, म्हणून गेल्या श्रावणापासून घरगुती उपाय नेटाने करते आहे. आधीच सांगते, पांढरा झालेला केस यातल्या एकाही उपायाने माझ्या डोक्यावर परत काळा उगवला नाही. तरी दोन गोष्टी मी सोडणार नाही.

पहिली, माक्याचं तेल. आमच्याकडे पावसाळ्यात ओढ्याकाठी, उसाच्या पाटाला माका माजतो. बारीक पांढऱ्या फुलाचा घ्यायचा. खात्री करायला दांडी तळहातावर चुरडायची, थोड्या वेळात रस काळा पडतो. आजी पाला वाटून रस गाळते, घाण्याच्या खोबरेलात घालते आणि अगदी मंद आचेवर ठेवते. रसातलं पाणी आटेपर्यंत तेल फसफसत राहतं. झालं की नाही ते ती वातीने बघते: कापसाची वात तेलात भिजवून पेटवायची, तडतडली तर पाणी शिल्लक आहे, शांत जळली की तेल उतरवायचं. घाई केली तर तेल लवकर खवट होतं. या तेलाने माझी टाळू कोरडी पडायची थांबली आणि केस विंचरताना कमी तुटतात. रंगात मात्र काडीचा फरक नाही. केसाला रंग मिळतो तो मुळाशी असलेल्या पेशींकडून. त्या थकल्या की केस पांढराच बाहेर येतो, आणि बाहेर आलेल्या निर्जीव केसात वरून तेल लावून रंग भरता येत नाही.

आवळा पावडर लोखंडी कढईत भिजवली की सकाळी काळीकुट्ट होते, म्हणून सगळ्यांचा तिच्यावर विश्वास. तो काळेपणा आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाचा. माझ्या केसांवर जरा सावळी झाक आली आणि दोन धुण्यांत गेली. टॉवेल मात्र डागाळला. कांद्याचा रस आणि कढीपत्त्याचं तेल, दोन्हींनी काही झालं नाही.

दुसरी न सोडण्यासारखी गोष्ट म्हणजे मेंदीवर इंडिगो. ही नीळीच्या पानांची पूड, कपड्यांना घालायची नीळ नव्हे. यात केस काळा होत नाही, रंगतो, पण छान रंगतो. मेंदी चहाच्या कोऱ्या पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी लावून दोन-तीन तास ठेवायची आणि नुसत्या पाण्याने धुवायची. पांढरे केस तांबूस-केशरी दिसतात, घाबरू नका. मग इंडिगो कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवायची. दहा-पंधरा मिनिटांत वरचा थर निळसर होतो आणि हिरव्या चाऱ्यासारखा वास येतो. आता थांबायचं नाही, लगेच लावायची. मेंदीसारखी रात्रभर भिजवली तर तिचा रंग उतरून जातो. दीड-दोन तासांनी धुतल्यावर केसांवर हिरवट झाक दिसेल. हवेने रंग पक्का होत जातो आणि दोन दिवसांत गडद तपकिरी-काळा होतो. तोवर शाम्पू अजिबात नको. मेंदी केस कोरडे करते, म्हणून आदल्या रात्री माक्याचं तेल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे भांगातली पांढरी रेघ महिन्या-सव्वा महिन्यात परत दिसते. तेव्हा मी फक्त मुळांना लावते.

एक कळकळीची विनंती. 'झटपट काळी मेंदी' घेताना पाकिटामागचा मजकूर वाचा. पीपीडी लिहिलं असेल तर तो रासायनिक डायच आहे. माझ्या मावसबहिणीचं कपाळ आणि पापण्या अशाच पाकिटाने सुजल्या होत्या. शुद्ध मेंदी पंधरा मिनिटांत काळी रंगतच नाही. आणि शुद्ध असली तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मी तेलाबद्दल विचारण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञांनी बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगितलं. आम्ही पक्के शाकाहारी, माझं बी-१२ बरंच कमी निघालं. हातापायांना मुंग्या यायच्या, तो थकवा समजून मी सोडून देत होते. औषध सुरू झाल्यावर मुंग्या गेल्या. नवे पांढरे केस वाढायचा वेगही मला कमी वाटतो, पण ते माझं निरीक्षण आहे, हमी नाही. घरात आई-वडिलांचे केस लवकर पिकले असतील तर रिपोर्ट नॉर्मल येऊनही केस पांढरे होऊ शकतात, त्यावर लेप-तेलाचा उपाय नाही. आणि पांढरा केस उपटू नका. एक उपटला की दहा येतात हे खरं नाही, पण सारखं उपटून मूळ दुखावतं आणि तिथे केसच विरळ होतात.